गोलकीपरच्या नावानं बोटं मोडण्याआधी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपली पुरुषांची हॉकी टीम ८ मॅच खेळली आणि १२ गोल खाल्ले. पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रो लीगसाठी, म्हणजे जगातल्या मोठ्या टीमच्या लीगसाठी, टीम युरोपला गेली, तिथं पण बरोब्बर ८ मॅच, आणि खाल्ले २६. डबलपेक्षा जास्त. मधल्या काळात डोळ्यात भरण्यासारखं काय बदललं, तर आपला गोलकीपर श्रीजेश रिटायर झाला. झालं, एवढ्यावर आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागून गेला की कीपर नाही म्हणून टीम बुडायली. त्याच्या जागी आलेल्या बिचाऱ्या पाठकच्या नावानं जे काही लिहिलं लोकांनी ते इथं टाईप करण्यासारखं नाही, आणि त्यातले निम्मे लोक असे की ज्यांनी हॉकीची मॅच चार वर्षांतून एकदा, ते पण मेडलची वेळ आल्यावर बघितलेली.

म्हणून म्हटलं जरा सवडीनं लिहावं की गोलकीपर नेमकं काय करतो, त्याच्या पुढच्या दहा जणांचा त्याच्याशी काय संबंध, आणि गोल खाल्ला की त्यात कोणाचा किती हात असतो. क्रिकेटवाल्यांनी पण वाचा, अवघड काही नाही.

आधी तेच आकडे दुसऱ्या बाजूनं बघू. पॅरिसमध्ये आपण ८ मॅचमध्ये १५ गोल मारले होते. युरोप दौऱ्यावर मारले १८. म्हणजे गोल जास्त मारून सुद्धा आपण ८ पैकी ७ मॅच लागोपाठ हरलो. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३, मग बेल्जियमकडून ३-६, आणि शेवटी एकदाची बेल्जियमलाच ४-३ नी मारून घरी आलो. ह्यात एक ३-६ सोडली तर बाकीच्या सहाच्या सहा मॅच एका गोलनी गेल्यात. वाईट टीम अशी हरत नसते, वाईट टीम चार-पाच गोलच्या फरकानं हरते. एका एका गोलनी हरणारी टीम म्हणजे कुठंतरी बारीक गळती असलेली टीम, आणि ती गळती एकाच जागी आहे का पाच जागी ते शोधायला लागतं. ह्या दौऱ्यामुळं ९ टीमच्या लीगमध्ये आपण ८ वे आलो, नवव्या नंबरवर आयर्लंड होतं आणि ते लीगमधून बाहेर गेलं. म्हणजे किती कडेला होतो ते समजा.

आता गोलकीपर. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो, फुटबॉलच्या गोलच्या अर्ध्या रुंदीचा. समोर गोलच्या भोवती एक अर्धगोलासारखी लाईन असते, तिला डी म्हणतात, ती गोलपासून १४.६३ मीटरवर. ह्या डीच्या आतूनच मारलेला गोल धरतात, बाहेरून कितीही जोरात हाणला आणि कोणाला न लागता आत गेला तर गोल नाही. म्हणून हॉकीत सगळा जीव डीत घुसण्यात असतो. कीपरला डीच्या आत पायानं, हातानं, अंगानं बॉल अडवायची, लाथाडायची मुभा असते, पण धरून ठेवता येत नाही आणि अंगाखाली दाबून झोपता येत नाही. डीच्या बाहेर गेला की त्याच्याकडं निस्ती स्टिक. पायात मोठाले फोमचे पॅड, बुटांवर किकर, छातीला गार्ड, हेल्मेट, डाव्या हातात पाटीसारखा सपाट फोम आणि उजव्या हातात स्टिक धरायची असल्यामुळं त्याला वेगळा आकार. सगळं घालून उन्हात तासभर उभं राहायचं. आपल्या नांदेडला गुरु गोबिंद सिंघजी गोल्ड-सिल्व्हर कपच्या वेळेस कीपर हाफटाईमला हेल्मेट काढतो तेव्हा त्याचं डोकं बघा, बादली ओतल्यासारखं भिजलेलं असतं.

त्या स्पर्धेचं नाव आलंच आहे तर अजून एक. तिथं मॅच बघायची असेल तर मधल्या खुर्च्यांवर बसू नका, गोलच्या मागं जाऊन उभं राहा. लहानपणी मामासोबत जायचो तेव्हा मामा तिथंच उभे राहायचे आणि मला कळायचं नाही की कामून. बॉल तिकडं दुसऱ्या टोकाला आणि इकडं हा कीपर एकटाच ओरडायलाय, हात करायलाय, कुणाला तरी नावानं शिव्या घालायलाय. मी विचारलं, "मामा, ह्यो कुणावर ओरडायलाय एवढा? बॉल तर तिकडं हाय." मामा म्हणले, "आपल्याच पोरांवर रे. त्यांला निस्ता बॉल दिसायलाय, ह्याला पाठीमागचा मोकळा सुटलेला माणूस दिसायलाय." टीव्हीवर हे ऐकूच येत नाही. कॉमेंट्री असते, गाणी असतात, आणि कॅमेरा बॉलच्या मागं पळत असतो, त्यामुळं आपल्याला वाटतं कीपरचं काम बॉल समोर आल्यावर सुरू होतं.

श्रीजेश गेल्यावर आपलं जे नुकसान झालं त्यातला मोठा वाटा ह्या आवाजाचा आहे असं माझं मत आहे. सेव्ह सगळ्यांना आठवतात. टोकियोत २०२१ ला ब्राँझच्या मॅचला जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटच्या काही सेकंदात पेनल्टी कॉर्नर अडवला ते आठवतं, २०१४ ला इंचॉनच्या एशियन गेम्समध्ये फायनलला पाकिस्तानविरुद्ध बरोबरीनंतरचं शूटआऊट आठवतं. पण पॅरिसची क्वार्टरफायनल परत बघा. ग्रेट ब्रिटन समोर, १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड, म्हणजे उरलेली चाळीसच्या वर मिनिटं आपण १० जण. अशा मॅचमध्ये चार गोल खायला पाहिजेत, आपण खाल्ला एक. १-१ नंतर शूटआऊट ४-२ नी जिंकलो. त्या चाळीस मिनिटांत श्रीजेशनी अडवलं ते अडवलंच, पण त्यापेक्षा जास्त वेळ तो माणसं हलवत होता, तू डावीकडं सरक, तू त्या नंबरला धर, आता पुढं जाऊ नको. २००६ पासून खेळणारा, ३३६ मॅच खेळलेला ३६ वर्षांचा माणूस ओरडतो तेव्हा हरमनप्रीत, म्हणजे तेव्हाचा कॅप्टन, तो पण ऐकतो. नवीन माणूस ओरडला तर ऐकतील का, ऐकतील, पण अर्ध्या सेकंदानं उशिरा. आणि ह्या खेळात अर्धा सेकंद म्हणजे किती ते आता सांगतो.

पेनल्टी कॉर्नर. हॉकीतली सगळ्यात महत्त्वाची आणि बाहेरच्या माणसाला सगळ्यात कमी कळणारी गोष्ट. डीच्या आत डिफेंडरनी फाऊल केला, बॉल पायाला लागला, किंवा गोललाईनपासून २३ मीटरच्या आत मुद्दाम फाऊल केला की समोरच्याला कॉर्नर मिळतो. मग बचाव करणाऱ्या टीमचे कीपर धरून फक्त ५ जण गोललाईनच्या मागं उभे राहतात, बाकीच्या सहा जणांना ग्राऊंडच्या अर्ध्या लाईनच्या पलीकडं हाकलून देतात. एक जण बाजूनं बॉल ढकलतो, डीच्या टोकावर दुसरा तो थांबवतो, बॉल डीच्या बाहेर गेलेलाच पाहिजे हा नियम, आणि तिसरा ड्रॅगफ्लिक करतो, म्हणजे बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलवर फेकतो. सरळ हिट मारला तर पहिला शॉट ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही, म्हणजे गोलच्या मागच्या लाकडी फळीएवढाच. पण फ्लिक असेल तर कुठंही मारा, वरच्या कोपऱ्यात मारा. म्हणूनच ड्रॅगफ्लिकरला सोन्याचा भाव.

चांगल्या फ्लिकरचा बॉल ताशी १०० च्या पुढं जातो. ११० धरा, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. डीच्या टोकापासून गोल १४.६३ मीटर. भागाकार करा, अर्धा सेकंद पण होत नाही. त्यात कीपर लाईनवर थांबत नसतो, दोन-तीन मीटर पुढं आलेला असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ०.४ सेकंद आले. माणसाला नुसतं बघून हलायला सुरुवात करायलाच ०.२ जातात. राहिलेल्या ०.२ मध्ये एवढं वजन घालून ३.६६ मीटरचा गोल एकट्यानं झाकायचा, हे शक्यच नाही. कोणालाच नाही, श्रीजेशला पण नव्हतं.

मग कॉर्नर अडतात कसे? अडतात ते रशरमुळं. त्या पाचातला एक जण, ज्याला पहिला रशर म्हणतात, बॉल हलला की जीव मुठीत धरून सरळ फ्लिकरच्या अंगावर पळतो. गुडघ्याला गार्ड, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्ह, पण छातीवर नाहीतर मांडीवर बसला तर बसला. त्याचं काम बॉल अडवणं हे आहेच, पण खरं काम एक बाजू बंद करणं हे आहे. तो अशा रेषेत पळतो की फ्लिकरला गोलची एक बाजू दिसतच नाही. एक जण गोलच्या पोलजवळ थांबतो. आता कीपरला पूर्ण गोल बघायचा नसतो, उरलेली बाजू बघायची असते. रशर आणि कीपर ह्यांचं आधीच ठरलेलं असतं की तू इकडून, मी तिकडून. रशर फूटभर चुकीच्या रेषेत पळाला की फ्लिकर त्याच फटीतून घालतो, आणि टीव्हीवर दिसतं काय, तर कीपर उलट्या बाजूला पडलाय आणि बॉल जाळीत. सगळे म्हणतात काय कीपर हाय का कोण हाय, चक्क उलटीकडं उडी मारली. त्यानं ठरल्याप्रमाणंच मारली होती भाऊ.

आपला सगळ्यात भारी पहिला रशर म्हणजे अमित रोहिदास, ओडिशाचा. ब्रिटनविरुद्धच्या रेड कार्डमुळं जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलला तो बाहेर. ऑलिम्पिकला टीम १६ जणांची, त्यामुळं त्या दिवशी आपल्याकडं १५ च माणसं. हरमनप्रीतनी ७ व्या मिनिटाला गोल करून दिला, पण १८ व्या मिनिटाला गोंझालो पेयाटनी कॉर्नरवर घातला आणि पुढं आपण २-३ हरलो. गोलमध्ये तोच श्रीजेश होता, दोन दिवस आधी ज्याला देव केलं होतं तोच. पुढचा एक माणूस बदलला की कीपर तोच असून पण चित्र बदलतं. अर्थात रोहिदास असता तर तो कॉर्नर अडलाच असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण समोरच्या फ्लिकरला आज कोण पळत येणार आहे हे माहीत असतं आणि त्याप्रमाणं तो कोपरा निवडतो.

इथं टीम निवडण्याचा विषय येतो. लीगच्या मॅचला ऑलिम्पिकपेक्षा मोठी टीम असते, त्यात दोन कीपर. ग्राऊंडवर ११. बदली कितीही वेळा करता येते, बाहेर गेलेला परत आत येतो, अंपायरला विचारायचं पण नसतं. फॉरवर्ड पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर जाऊन पाणी पितो, परत येतो. त्यामुळं बेंच कमजोर असेल तर सुरुवातीला कळत नाही, चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत कळतं. पाय जड होतात, माणूस परत मागं यायला दोन पावलं कमी पडतो, डीत टॅकल उशिरा होतं आणि उशिरा टॅकल म्हणजे कॉर्नर. त्या दौऱ्यातल्या पहिल्याच मॅचमध्ये नेदरलँड्सनी ५८ व्या मिनिटाला गोल घालून मॅच नेली. शेवटच्या दोन मिनिटांत गोल खाणं हा आपला जुना आजार आहे, माझे वडील सुद्धा हीच तक्रार करायचे, आणि तेव्हा श्रीजेश शाळेत असंल.

आणि ह्यात एक बारीक नियम आहे जो फार कमी लोकांना माहिती असतो. कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. कीपर जखमी झाला किंवा त्याला कार्ड मिळालं तर तेवढी सूट, बाकी कोणाला नाही. म्हणजे तुमचा एक नंबरचा रशर जर तेव्हा बेंचवर बसून पाणी प्यायलाय तर तो बाहेरूनच बघणार. कोचला हे गणित सारखं करावं लागतं की कोणाला कधी बाहेर काढायचं, दोन्ही चांगले रशर एकाच वेळेस बाहेर जायला नकोत, दोन्ही फ्लिकर एकाच वेळेस बाहेर जायला नकोत. टीममध्ये असा रशर एकच असेल तर त्याला बाहेर काढताच येत नाही, मग तो थकतो, थकल्यावर त्याची रेष चुकते. कीपर पडतो उलटीकडं. परत शिव्या कोणाला.

आपल्याकडं गोदावरीला पूर आला की जायकवाडीचे दरवाजे उघडणाऱ्याला खालची गावं शिव्या देतात, वर नाशिक-नगरकडून पाणी किती आलं ते कोणी बघत नाही. कीपरचं तसंच असतंय. वरून किती आणि कसं आलं ते बघितल्याशिवाय दरवाजाला दोष देता येत नाही.

वरून म्हणजे पार फॉरवर्डपासून. कोच क्रेग फुल्टन २०२३ ला आले तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, जिंकायचं असेल तर आधी बचाव करा. लोकांना वाटलं म्हणजे सगळे मागं जाऊन उभे राहणार. तसं नाहीये. मनदीप, अभिषेक, सुखजीत हे पुढं उभे राहून समोरच्या डिफेंडरला सुखानं पास देऊ देत नाहीत, तो आडवा-तिडवा देतो, मग मधल्या फळीतला हार्दिक किंवा मनप्रीत मधे तोडतो. हे जमलं तर बॉल आपल्या डीत येतच नाही. हे नाही जमलं, पुढच्या तिघातला एक जण जरी आळसला, की समोरचा मधून सरळ फाडत येतो आणि आपले डिफेंडर पळत पळत, गोलकडं तोंड करून बचाव करायलेत असं दिसतं. तशा वेळेस कीपरसमोर दोन जण मोकळे असतात. कीपरनं एकाकडं जायचं तर दुसऱ्याला पास, न जायचं तर पहिलाच मारणार. हा गोल आकड्यात कीपरच्या नावावर लागतो.

म्हणून ते सेव्हची टक्केवारी वगैरे कोणी फेकली की जरा थांबा. समजा एका कीपरवर १० शॉट आले, त्यानं ८ अडवले, ८० टक्के. दुसऱ्यावर ४ आले, २ अडवले, ५० टक्के. वाटतं पहिला हिरो. पण पहिल्यावरचे दहा शॉट डीच्या टोकावरून, बाजूच्या कोनातून आलेले असतील, आणि दुसऱ्याचे चारही समोरून पाच मीटरवरून मोकळ्या माणसानं मारलेले असतील. वर दुसऱ्यानं ओरडून माणसं हलवून सहा शॉट होऊच दिले नसतील तर ते कुठंच लिहिलं जात नाही. अजून एक, मागं पडलेली टीम शेवटच्या दोन-तीन मिनिटांत कीपरला बाहेर काढून अकरावा खेळाडू आत घालते. तेव्हा गोल रिकामा असतो आणि त्यात गेलेला गोल टीमच्या खात्यावर पडतो. खाल्लेल्या गोलचा नुसता आकडा बघणारा माणूस तो पण कीपरच्या बोकांडी बसवतो.

म्हणजे कीपिंगमध्ये काहीच गडबड नाही असं मी म्हणतोय का? नाही. गडबड आहे, फक्त ती वेगळी आहे. कृशन बहादूर पाठक २०१८ ला टीममध्ये आला, शंभरच्या वर मॅच खेळलाय, हात-पाय वेगवान आहेत. सूरज करकेरा आपल्या मुंबईचा, २०१७ ला ढाक्यात आशिया कप जिंकला त्या टीमला दोन कीपर होते त्यातला एक, आणि दुसरा होता नांदेडला खेटून असलेल्या यवतमाळचा आकाश चिकटे. महाराष्ट्राचे दोन्ही कीपर त्या वेळेस, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. तर पाठक आणि करकेरा दोघं वाईट नाहीत. पण पाठकची सगळी उमेदीची वर्षं श्रीजेशच्या मागं बसून गेली. तो खेळला ते लीगच्या मॅचमध्ये, हाफ-हाफ वाटून नाहीतर क्वार्टर-क्वार्टर वाटून. टोकियोला आणि पॅरिसला दोन्ही वेळेस मेडलच्या मॅचला गोलमध्ये श्रीजेश, आणि पॅरिसला तर पाठक मुख्य १६ मध्ये पण नव्हता, राखीव म्हणून गेलेला. शेवटची तीन मिनिटं, एका गोलची आघाडी, समोर कॉर्नर, ह्या प्रसंगाची सवय मेडलच्या मॅचमध्येच होते, प्रॅक्टिसला कितीही कॉर्नर मारून घ्या.

कीपर पिकायला वेळ लागतो हे पण खरं. श्रीजेश २००६ ला आला आणि देशाला त्याचं नाव नीट कळलं २०१४ ला. मधली वर्षं त्यानं पण गोल खाल्लेत, शिव्या खाल्ल्यात, बाहेर पण बसलाय. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुप एवढे बोकाळले नव्हते इतकंच.

आणि अनुभवी कीपर असली म्हणजे टीम तरते असं पण नाही. २०२४-२५ च्या त्याच प्रो लीग सीझनला आपल्या महिलांची टीम ९ पैकी ९ वी आली आणि लीगमधून खाली गेली. त्या टीममध्ये सविता पुनिया होती, टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० नी घरी पाठवताना जी भिंतीसारखी उभी होती तीच. कॉर्नरवर गोल होत नव्हते, मधली फळी बॉल सोडत होती, सविता एकटी किती करणार.

पुरुषांच्या टीमची माझी खरी काळजी दुसऱ्या टोकाची आहे. पॅरिसच्या त्या १५ गोलपैकी १० एकट्या हरमनप्रीतचे. कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे फुटबॉलच्या पेनल्टीसारखा एकट्या कीपरसमोरचा फटका. फॉरवर्ड डीत जातात, कॉर्नर काढतात, हरमनप्रीत मारतो, ही आपली शेती. त्याचा फ्लिक चालला नाही त्या दिवशी आपण एका गोलवर मॅच राखायला बघतो, आणि एका गोलवर मॅच राखायची म्हणजे सगळा भार परत कीपरवर. युरोपात १८ गोल झाले त्यात फॉरवर्डचे पण चांगले होते, सुखजीतनी बेल्जियमविरुद्धच्या जिंकलेल्या मॅचला दोन घातले, हे चांगलं लक्षण. पण हरमनप्रीत डिफेंडर पण आहे, आणि खरं सांगायचं तर फ्लिकर म्हणून जेवढा मोठा तेवढा तो वेगवान फॉरवर्डसमोर डिफेंडर म्हणून नाही. हे बोललं की लोक अंगावर येतात. येऊ द्या. त्याला ग्राऊंडवर ठेवावंच लागतं कारण कॉर्नर मिळाल्यावर बदली करता येत नाही, वर सांगितलेला तोच नियम उलट्या बाजूनं. म्हणून त्याच्या बाजूला जरमनप्रीत, संजय, सुमित ह्यांच्यातला कोणी तरी त्याची मोकळी जागा झाकायला लागतो, आणि तो झाकायला गेला की त्याची जागा मोकळी.

सप्टेंबर २०२५ ला राजगीरला आशिया कप जिंकला, फायनलला कोरियाला ४-१ नी हाणलं, वर्ल्ड कपचं तिकीट पण त्यातूनच मिळालं. ग्रुपवर तेच लोक परत नाचायले, कीपर भारी, टीम भारी. मला पण आनंद झाला, पेढे वाटले आमच्या गल्लीत. पण आशियातल्या टीम आपल्यावर मिनिटामिनिटाला दाब टाकत नाहीत, कॉर्नर पण कमी येतात, ८ मॅचमध्ये २६ गोल का गेले त्याचं उत्तर तिथं मिळणार नव्हतं. उत्तर नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रेलिया समोर असतानाच मिळतं, त्यातही ४५ व्या मिनिटानंतर.

तर पुढच्या मॅचला एक करा. गोल झाला की रिप्ले येतो, तेव्हा कीपरकडं बघूच नका. कॉर्नर असेल तर पहिल्या रशरच्या पायाकडं बघा, तो कुठून निघाला आणि कोणत्या रेषेत पळाला. चालू खेळातला गोल असेल तर रिप्लेच्या आधीचे दहा सेकंद आठवा, बॉल मधे कोणी घालवला आणि कोण परत पळत आलं नाही. कीपरची खरी चूक पण ओळखता येते, अवघड नाही. बॉल अडवून त्यानं तो बाजूला लाथाडायच्या ऐवजी परत समोर, डीच्या मधोमध दिला आणि दुसऱ्यानं घातला, ही कीपरची चूक. समोरचा एकटा येत असताना अर्धवट पुढं येऊन थांबला, ना पुढं ना मागं, ही पण त्याचीच. पाठककडून ह्यातली दुसरी चूक होते, आणि माझ्या मते ती भीतीमुळं होते, आपण पुढं गेलो आणि गोल झाला तर पुढच्या क्वार्टरला आपल्याला बसवतील ह्या भीतीमुळं.

त्यामुळं क्वार्टर वाटून देण्याचं बंद करावं असं मला वाटतं. २०२८ च्या लॉस एंजेलिसला टीम लहानच असणार, तिथं दोन कीपर न्यायची चैन परवडत नाही हे पॅरिसला बघितलंच. पाठक असो का करकेरा असो का ज्युनिअरमधून येणारं एखादं लेकरू असो, एकाला धरा आणि चारी क्वार्टर उभा करा, मोठ्या टीमसमोर उभा करा, सहा गोल खाल्ले तरी दुसऱ्या दिवशी परत त्यालाच उभा करा. आणि रोहिदासच्या मागं दुसरा रशर आत्ताच तयार करा, कारण त्याचं पण वय ३० च्या पुढं गेलंय.